पडद्यावरची गाडी आणि मामांचा ब्रेक

माझे मामा एसटीत चालक होते. सोलापूर-तुळजापूर, सोलापूर-अक्कलकोट, कधीमधी पुणे. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे पुढच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची परीक्षा. हाणामारी सुरू असताना मामा डुलक्या काढायचे, गाणं लागलं की बाहेर जाऊन विडी ओढून यायचे. पण पडद्यावर एक गाडी दुसरीच्या मागे लागली की ताठ बसायचे आणि नसलेल्या ब्रेकवर उजवा पाय दाबायचे. पुढच्या खुर्चीला हादरा बसायचा, तो माणूस वळून बघायचा, मामांना पत्ता नसायचा. "वळण दिसंना व्हय बे तुला?" असं ते पडद्यावरच्या सुटाबुटातल्या हेराला विचारत असायचे.

हे आठवलं ते आमच्या कॉलनीतल्या एका बैठकीमुळे. होटगी रोडवर एका सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं मोटारसायकल दुभाजकावर घातली होती. जिवावरचं पायावर निभावलं. बैठकीत आधी गतिरोधक, मग कॅमेरे असं करत करत चर्चा सिनेमावर आली. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "ही पोरं असल्या हेरगिरीच्या पिक्चरमुळं बिघडली. गाड्या पळवायच्या, उडवायच्या, आणि हिरोला खरचटत पण नाही. बंदीच घाला त्यावर. निदान खाली सूचनेची पट्टी तरी लावा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला, कारण असले पिक्चर मी गेली चाळीस वर्षं चवीनं बघत आलोय आणि ऐन वेळी त्यांच्या बाजूनं मला एक शब्द बोलता आला नाही.

आधी मास्तरांच्या बाजूचं सांगतो, कारण ती बाजू अगदीच लंगडी नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीत पोलिसांनी २०१२ ते २०१७ या काळात वेगमर्यादा मोडल्याबद्दल फाडलेल्या सुमारे १ लाख ९२ हजार पावत्या काही संशोधकांनी तपासल्या. मोटारींच्या शर्यतीवरच्या एका गाजलेल्या चित्रपटमालिकेचा नवा भाग लागला की त्यानंतरच्या शनिवार-रविवारी पकडलेल्या लोकांचा वेग नेहमीपेक्षा जास्त असायचा. आधी ते मर्यादेपेक्षा सरासरी १६ मैलांनी पुढे असत, मग १९ मैलांनी. दुसऱ्या एका लोकप्रिय पण मोटारी नसलेल्या मालिकेच्या वेळी असा फरक दिसला नाही. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हा सिनेमा बघून गाडीचा वेग वाढत नाही, असं मी म्हणणार नाही.

पण ते सिनेमे होते शर्यतीचे, आणि शर्यत आणि पाठलाग या माझ्या मते दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शर्यतीत वेग हेच बक्षीस असतं. पाठलागात वेग ही नाइलाजानं केलेली गोष्ट असते. त्यात पळणारा हेर असेल तर ती चक्क फजिती असते. हेराचं कसब कुणाच्या नजरेत न येण्यात. टायर किंचाळायला लागले, याचा अर्थ त्याचं सोंग उघडं पडलं.

खऱ्या हेरांचे पाठलाग कसे असतात याचा एक नमुना मला फार आवडतो. ओलेग गोर्दिएव्हस्की हा केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचा अधिकारी बरीच वर्षं ब्रिटिशांना माहिती पुरवत होता. १९८५ मध्ये त्याच्यावर संशय आला, आणि त्या जुलैत ब्रिटिश वकिलातीतल्या दोन कुटुंबांनी आपल्या दोन मोटारींतून त्याला फिनलंडच्या हद्दीत नेलं. केजीबीच्या गाड्या मागावर होत्याच. ब्रिटिशांनी थोडा वेग वाढवून अंतर पाडलं, ठरलेल्या जागी रस्त्याकडेच्या खडकाजवळ आडोशाला गाड्या घातल्या, मागचे पुढे निघून गेले, आणि तेवढ्यात गोर्दिएव्हस्की एका डिकीत शिरला. पुढे तपासणीनाक्यावर कुत्री हुंगत आली तेव्हा एका बाईंनी डिकीच्या झाकणावर आपल्या तान्ह्या मुलीचा लंगोट बदलायला घेतला. त्या वासापुढे कुत्र्यांचं काही चाललं नाही. शीतयुद्धातली सगळ्यात थरारक मोटारसफर, आणि तिचा शेवट बाळाच्या लंगोटानं! सिनेमावाल्याला हे सुचलं असतं तर निर्मात्यानं त्याला हाकलून दिलं असतं.

मग पडद्यावर आपल्याला आवडतं ते नक्की काय? वेग म्हणावा, तर फॉर्म्युला वनची शर्यत बघताना मामा घोरत असत. माझं उत्तर असं, की चांगला पाठलाग ही गाव ओळखण्याची परीक्षा असते. कुठला बोळ कुठे निघतो, कुठल्या पुलाखालून ट्रक जात नाही, कुठल्या चौकात सिग्नल असूनही कुणी पाळत नाही, हे ज्याला ठाऊक तो सुटतो. गाडी कितीही महागडी असो, रस्ता माहीत नसेल तर ती अडकते. म्हणून नायकाला मोठी गाडी दिली की मजा कमी होते. १९८१ च्या एका बाँडपटात त्याची भारी गाडी सुरुवातीलाच उडते आणि त्याला एका पिवळ्या, पत्र्याच्या डब्यासारख्या सित्रोएन टू-सीव्हीतून पळावं लागतं. १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त तर उदयपूरच्या बाजारात ऑटोरिक्षाच पळते, आणि ती चालवतो आपला टेनिसपटू विजय अमृतराज. सोलापूरकराला याचं नवल वाटायचं कारण नाही. आसरा चौकातून स्टेशनला गाडीच्या वेळेत पोचवणारा रिक्षावाला यापेक्षा अवघड काम रोज करतो.

मी कधी कधी रात्री झोप येईना की सोलापुरातला पाठलाग मनात रचत बसतो. वेळ निवडायची ती जानेवारीची, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांतली. नायक बाळीवेशीत गाडीत बसतो. टिळक चौक, मधला मारुती. इथे वेगाचा प्रश्नच नाही, गाडी माणसाच्या चालीनं सरकते, आणि मागची गाडीही त्याच चालीनं. दोघांमध्ये फक्त एक हातगाडी, आणि दोघेही हॉर्न वाजवू शकत नाहीत, कारण लक्ष वेधून घ्यायचं नाही. हाच खरा थरार. मग पूर्व भागात शिरायचं. कन्ना चौक, अशोक चौक, दोन्ही बाजूंना कारखाने, यंत्रमागांचा खटखटाट इतका की मागून येणाऱ्या गाडीचा आवाजच येत नाही. आरशावर विसंबावं लागतं. दारात विड्या वळत बसलेल्या बायका मान वर न करता पाय आत घेतात. वाटेत लोकांना बाजूला सारायचं तर एका बोळात 'सरका', पुढच्या बोळात तेलुगूत 'जरगंडी' आणि त्यापुढच्यात कन्नडमध्ये 'सरीरी' म्हणावं लागतं. नायकाला तिन्ही येतात, मागच्याला एकच. अंतर तिथेच पडतं. आणि शेवटी समोर येतात ते नंदीध्वज. सात उंच काठ्या, हलगीच्या ठेक्यावर, गर्दीतून तोलत चाललेल्या. त्यांच्यापुढे गाडी रेटायची छाती ना नायकाची, ना खलनायकाची. दोघेही उतरून, चपला काढून, हात जोडून उभे. मग काय होतं ते मी अजून ठरवलेलं नाही. झोप लागते.

गाव ओळखण्याच्या बरोबरीनं आणखी एक गोष्ट पाठलागाला लागते, ती म्हणजे वजन. लोखंडाला वजन असतं, वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, ब्रेक मारला तरी ती लगेच थांबत नाही. हे ज्या दृश्यात जाणवतं तिथेच मामांचा पाय ब्रेककडे जायचा. १९६८ चा 'बुलिट' खरं तर पोलीसपट, हेरपट नव्हे, पण पुढच्या सगळ्या हेरांनी पळायचं व्याकरण तिथून उचललं. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर सुमारे अकरा मिनिटांचा पाठलाग. तो रंगात आला की पार्श्वसंगीत बंद, उरतात फक्त इंजिनं. संकलनासाठी त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. मास्तरांना मला त्यातला एक क्षण दाखवायचाय. पाठलाग पेटण्याच्या क्षणी काळ्या गाडीतला भाडोत्री मारेकरी काय करतो? शांतपणे सीटबेल्ट लावतो. खटका वाजतो आणि मग गाडी सुटते. माणसं मारायला निघालेला इसम पट्टा बांधतो, आणि आमच्याकडे सभ्य गृहस्थ पट्टा पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवतात आणि त्यावर बसतात, का तर गाडी केकाटू नये!

दुसरं उदाहरण १९७४ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'चं. मोडक्या पुलावरून एक मोटार हवेत झेपावते, मळसूत्रासारखी पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चाकांवर उतरते. या उडीचं गणित अमेरिकेतल्या एका वैमानिकी प्रयोगशाळेत संगणकावर मांडलेलं होतं. वजन नेमकं मध्यावर यावं म्हणून सुकाणू आणि चालकाची जागा गाडीच्या मधोमध हलवली होती. एकाच प्रयत्नात उडी जमली. (पुढे त्या प्रसंगावर शिट्टीचा एक विनोदी आवाज चिकटवून त्याची माती केली, ते सोडा.) आणि उडी घेताना वेग किती? ताशी सुमारे ६४ किलोमीटर. विजापूर रोडवर आमची पोरं संध्याकाळी दूध आणायला याहून जास्त वेगानं जातात.

वजनाची जाणीव असेल तर सिनेमा वेगाची किंमतही सांगतो. २००६ च्या 'कसिनो रोयाल'मध्ये पाठलाग सुरू होतो न होतो तोच रस्त्यावर हातपाय बांधून टाकलेली बाई दिसते. बाँड चाक वळवतो आणि त्याची ॲस्टन मार्टिन कोलांट्या खात जाते. सात कोलांट्या, ज्याची विक्रम म्हणून नोंद झाली. ती गाडी रस्त्याला इतकी घट्ट धरून होती की नुसत्या तिरप्या फळीवर चढवून उलटेना. शेवटी तळाला हवेच्या दाबाची तोफ बसवून उलटवावी लागली. एवढी मोठी तयारी, आणि पडद्यावर सगळं काही सेकंदांत संपतं, कारण रस्त्यावर माणूस होतं. याहून चांगला रस्ता सुरक्षा सप्ताह मी तरी बघितलेला नाही.

आता माझी तक्रार. हल्लीच्या बऱ्याच हेरपटांत गाडीला वजनच उरलेलं नाही. गाडी इमारतीतून इमारतीत उडते, बर्फावर नाचते, विमानाला लटकते, आणि ते सगळं संगणकावर. बघताना पाय हलत नाही, कारण ब्रेक दाबावा असं काही तिथे नसतंच. मामा असते तर झोपले असते. मास्तरांची भीती मला इथे थोडी पटते. जिथे धडकेनं काही मोडत नाही, तिथे पोरगं हेच शिकणार की धडकेनं काही मोडत नाही. आणि मोबाइलवरचं रीळ तर त्याहून वाईट. त्यात पंधरा सेकंदांचा वेग असतो, पण वळण नसतं, समोरून येणारी एसटी नसते, आणि दुभाजक कधीच नसतो.

दुसरी तक्रार जुन्या-नव्या सगळ्यांवर. परदेशी हेर आशियातल्या शहरात आला की हातगाडी उलटलीच म्हणून समजा. फळं उधळतात, कोंबड्या उडतात, गाडीवाला हात वर करून ओरडतो, आणि प्रेक्षक हसतो. 'ऑक्टोपसी'तल्या त्या रिक्षाच्या धावपळीत तर खिळ्यांच्या पाटावरचा साधू, निखारे, तलवार गिळणारा असा सगळा मेळाच भरवलाय. मी लहानपणी हसलो होतो. आता हसू येत नाही. आमच्या बाजारातला हातगाडीवाला सकाळी उधारीवर माल उचलतो आणि संध्याकाळी हिशोब चुकता करतो. त्याची गाडी उलटली तर हेर पळून जाईल, पण त्या दिवसाच्या मालाचं काय? दिग्दर्शकानं कॅमेरा एक क्षण मागे वळवून त्या माणसाला टोमॅटो वेचताना दाखवलं, तर पाठलागाची गंमत कमी होणार नाही. उलट पळणाऱ्याच्या मानेवर ओझं येईल, आणि ओझ्याशिवाय थरार कसला?

म्हणून बंदी नको. आणि पट्टीचं म्हणाल तर ती आपण बघतोच आहोत. २०१२ पासून पडद्यावर सिगारेट पेटली की खाली सूचना येते. ज्या गावात घरोघरी विड्या वळून चुली पेटल्या, त्या गावात ती पट्टी वाचून किती जणांनी विडी टाकली हे मला माहीत आहे. आमच्या मामांनी तर नाहीच. पाठलागाखाली 'ही दृश्यं प्रशिक्षित व्यक्तींनी केली आहेत' असं लिहिलं, तर पोराला वाटणार, चला, आपणही प्रशिक्षित होऊ.

खरं दुखणं दुसरीकडे आहे आणि ते बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या पुढे कारण लिहिलंय ते अतिवेगाचं. पन्नास हजारांवर माणसं हेल्मेट नसताना गेली. हे सगळे काय हेरपट बघून निघाले होते? २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्यानं गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि पोराला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. कायदा हेराला लाजवेल इतका कडक. पण बैठकीत त्या पोराला चावी कुणी दिली, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. वडील समोरच बसले होते, आणि आमच्याकडे समोर बसलेल्या माणसाला असलं विचारायची पद्धत नाही. सिनेमाला विचारायची आहे, कारण सिनेमा उत्तर देत नाही.

माझं म्हणणं थोडं उफराटं आहे. पोरांना पाठलाग दाखवा, पण तो कसा केला तेही दाखवा. 'रोनिन' या १९९८ च्या चित्रपटात पॅरिसच्या रस्त्यांवर नट सुकाणू फिरवताना दिसतात ते खोटं सुकाणू आहे. गाडी उजव्या बाजूला बसलेला कसबी चालक हाकतोय, हे कळलं की बघण्याची नजरच बदलते. मग नटाच्या चेहऱ्यावर दिसणारी भीती अर्धी तरी खरी आहे, हेही कळतं. आणि त्या कसबी माणसाची किंमत कळते. २०२५ च्या जुलैत तमिळनाडूत एका चित्रीकरणात गाडी उलटवताना एक अनुभवी साहसदृश्य-कलाकार गेला. पडद्यावर सात कोलांट्या खाऊन नायक सूट झटकत उठतो. मध्ये जो गाडीत असतो त्याचं नाव श्रेयनामावलीत इतक्या वेगानं सरकतं की त्यालाच वाचता येऊ नये. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत साहसदृश्यांसाठी स्वतंत्र पुरस्कार २०१६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. ऑस्करवाल्यांना हे सुचायला २०२५ उजाडलं, आणि प्रत्यक्ष पुरस्कार मिळणार तो २०२७ च्या चित्रपटांना. या एका बाबतीत आपण पुढे होतो हे आपल्यालाच माहीत नाही.

परवा त्या पायाला प्लास्टर घातलेल्या पोराला भेटायला गेलो. पडून कंटाळला होता. त्याच्या मोबाइलवर 'बुलिट'मधला तो तुकडा लावून दिला, आणि त्याला एकच काम सांगितलं, की त्यातली हिरवी फोक्सवॅगन बीटल मोज. एकाच रस्त्यावरची वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची दृश्यं जोडल्यामुळे तीच गाडी पुन्हा पुन्हा मागे पडते, हे मी सांगितलं नाही. पहिल्या वेळी त्याला ती दिसलीच नाही. दुसऱ्यांदा तो थांबवून थांबवून बघायला लागला. कुठला उतार कुठल्या उताराला जोडलाय, काळ्या गाडीच्या चाकांच्या किती टोप्या उडाल्या, सगळं. चौथ्या खेपेला म्हणाला, "काका, ही परत आली की ओ. आणि ह्या गाडीला चाकं चार, टोप्या जास्तच उडल्यात."

एका उताराच्या वळणावर त्याचा चांगला पाय पलंगाच्या कठड्यावर जोरात आपटला. कशाला आपटला ते त्यालाही कळलं नाही.